मोटारीच्या इंधन-पंपाचा रिले

उन्हाळ्याची सुटी लागली की हैदराबादेतील पुष्कळ मराठी कुटुंबांची वाट पश्चिमेकडे वळते. जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग असे टप्पे घेत सोलापुरास जाणारा हा रस्ता सुमारे तीनशे किलोमीटरचा आहे. दख्खनच्या पठारावरील ऊन त्या दिवसांत कसे असते, हे निराळे सांगावयास नको. १९६६ च्या जून महिन्यात खुद्द हैदराबाद शहरात पारा ४५.५ अंश सेल्सिअसपर्यंत चढला होता. अशा उन्हात एखादी मोटार चहापाण्यासाठी अर्धा तास थांबते. मंडळी परत येऊन बसतात, चावी फिरविली जाते, स्टार्टर जोमाने फिरतो. पण एंजिन काही चालू होत नाही. तासाभराने, ऊन उतरल्यावर, तीच गाडी जणू काही घडलेच नाही अशा थाटात पहिल्याच चावीला सुरू होते.

गावी पोहोचल्यावर गाडी कारागिराकडे जाते. तो दोन क्षण विचार करून सांगतो, "पंप गेला." पंपाला कित्येक हजार रुपये पडतात. पंप बदलला जातो, गाडी चार दिवस नीट चालते आणि पाचव्या दिवशी दुपारी पुन्हा रस्त्यात उभी राहते. कारण पंप गेलेलाच नव्हता. गेला होता तो त्या पंपाला वीज पोहोचविणारा, आगपेटीहून लहान आणि काही शे रुपयांना मिळणारा एक डबा. त्यालाच रिले म्हणतात. हा रिले करतो काय, तो बिघडतो कसा, त्याचा दोष इतर दोषांपासून वेगळा कसा ओळखावा आणि तो बदलताना कोणती काळजी घ्यावी, या चार प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम पंपाविषयी. पेट्रोल पंप म्हटले की हमरस्त्यावरील तेलाची टाकी आणि नळी हातात घेतलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. येथे अभिप्रेत आहे तो मोटारीच्या पोटातील पंप. टाकीतील पेट्रोल एंजिनापर्यंत नेणे हे त्याचे काम. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत हा पंप एंजिनाच्याच अंगाला जोडलेला असे आणि एंजिनाच्या फिरण्यानेच चाले. त्याला विजेची गरज नव्हती, अर्थात रिलेचीही नव्हती. परंतु एंजिनाच्या धगीमुळे पंपातील पेट्रोलची वाफ होई आणि प्रवाह खुंटे. त्यावर त्या काळच्या चालकांनी एक सोपा उपाय शोधला होता. बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवावयाचे, पाच-दहा मिनिटे थांबावयाचे आणि पुढे निघावयाचे. हा उपाय शास्त्राला धरून होता. फडक्यातील पाणी वाळताना उष्णता शोषून घेई, पंप थंड होई आणि वाफेचे पुन्हा पेट्रोल होई.

पुढे काळ बदलला. १ एप्रिल २००० पासून वाहनांच्या धुरावर देशभर अधिक कडक मर्यादा आल्या. नव्या पेट्रोल-मोटारींतून कार्बोरेटर मागे पडला आणि त्याच्या जागी इंजेक्टरने मोजून पेट्रोल फवारण्याची पद्धती रूढ झाली. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या नियमांनी ही मोजणी आणखी काटेकोर केली. फवारणीला दाब लागतो. पूर्वीच्या पंपाला वातावरणाच्या दाबाच्या पाव-अर्धा हिस्सा जादा दाब दिला की पुरे होई. नव्या पद्धतीत तो बहुधा तीनपटीच्या घरात लागतो. म्हणून पंप एंजिनापासून दूर, थेट टाकीतच ठेवण्यात आला. तो विजेच्या मोटरवर चालतो आणि भोवतीचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते. अशा गाडीत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडण्याचा संभव फारच थोडा. तरीही गाडी उन्हात बंद पडली आणि निवल्यावर सुरू झाली की जुन्या जाणत्यांना ओले फडके आठवते आणि "पेट्रोल तापले" असा निर्णय होतो. लक्षण तेच आहे, पण रोग बदललेला आहे. या फसव्या साम्यामुळेच रिलेचा दोष पुष्कळदा ध्यानात येत नाही.

आता रिलेकडे वळू. शाळेचे उदाहरण घेतल्यास त्याचे काम चटकन समजेल. तास संपला की घंटा व्हावी, हे मुख्याध्यापक ठरवितात. पण ते स्वतः उठून घंटेवर हातोडा मारीत नाहीत. ते शिपायाला खूण करतात आणि शिपाई घंटा वाजवितो. खुणेला श्रम नाहीत. टोल्याला दंडात जोर हवा. मोटारीतील नियंत्रक संगणक हा मुख्याध्यापक. त्याच्या नाजूक मंडलांतून फार थोडी वीज वाहू शकते. पंपाला मात्र सतत चार ते आठ अँपिअर प्रवाह लागतो. एवढा प्रवाह संगणकातून जाऊ दिला तर तो जळेल. म्हणून संगणक फक्त खूण करतो. सुमारे एक-दशांश ते दोन-दशांश अँपिअरचा दुबळा प्रवाह रिलेत सोडतो आणि रिले पंपाचा मोठा प्रवाह जोडून देतो.

ही युक्ती मोटारीहून जुनी आहे. तिचे श्रेय सामान्यतः जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाला आणि १८३५ या वर्षाला दिले जाते. लांब अंतरावरून येणारा तारेचा संदेश वाटेत क्षीण होई. त्या क्षीण प्रवाहाने पुढल्या टप्प्याचा ताजा प्रवाह जोडावयाचा, अशी ही व्यवस्था होती. डाकचौकीवर थकलेला घोडा सोडून ताज्या घोड्यावर टपाल पुढे धाडावे, तद्वत. रिले हा शब्दही टप्प्याटप्प्याने घोडे बदलण्याच्या त्या जुन्या प्रथेतूनच आला आहे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण तारेच्या काळात रुजलेली ही कल्पना आज प्रत्येक मोटारीच्या फ्यूजपेटीत मुक्कामाला आहे.

रिलेचे अंतरंग साधे असते. बारीक तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, त्याच्या मध्यभागी लोखंड, वर स्प्रिंगने मागे ओढून धरलेली एक पट्टी आणि तिच्या टोकाशी स्पर्शबिंदूंची जोडी. वेटोळ्यात वीज खेळली की लोखंडाचे चुंबक बनते, पट्टी खाली ओढली जाते आणि दोन बिंदू एकमेकांस टेकतात. त्या वेळी 'टिक्' असा बारीक आवाज होतो. वीज थांबली की स्प्रिंग पट्टीला मागे खेचते आणि वाट तुटते. डब्याच्या खाली चपटे पाय असतात आणि त्यांवर बहुधा आकडे कोरलेले असतात. ८५ आणि ८६ हे वेटोळ्याचे पाय. बॅटरीची वीज ३० मध्ये येते आणि ८७ मधून पंपाकडे जाते. एवढे चार आकडे ध्यानात ठेवले तर पुढचे सर्व विवेचन सोपे होते.

रिलेचे आणखी एक काम आहे आणि ते अधिक मोलाचे आहे. तो पंप चालू करतो हे सर्वांना दिसते. तो पंप वेळीच बंदही करतो, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. चावी पहिल्या टप्प्यावर फिरविली की अनेक गाड्यांत संगणक पंपाला सुमारे दोन सेकंद चालू देतो, नळीत दाब भरून घेतो आणि थांबवितो. एंजिन फिरू लागल्याची वर्दी सेन्सरकडून आली तरच तो पंप पुन्हा चालू करतो. एंजिन थांबले की क्षणात पंपही थांबतो. यामागे हेतू आहे. अपघातात गाडी उलटली, नळी फुटली आणि चालक बेशुद्ध झाला, तर चावी चालूच राहते. पंपही चालू राहिला तर मिनिटाला एक-दोन लिटर पेट्रोल तापलेल्या एंजिनावर सांडू शकेल. ही आपत्ती टाळणारी व्यवस्था या लहानशा डब्यातून जाते. तेव्हा रिले हा नुसता निरोप्या नव्हे, तो पहारेकरीही आहे. पुढे दुरुस्तीचा विचार करताना याचा विसर पडता कामा नये.

हा पहारेकरी थकतो कसा? पहिले कारण ठिणगी. स्पर्शबिंदू जुळताना आणि विशेषतः सुटताना त्यांच्यामध्ये सूक्ष्म ठिणगी उडते. हजारो वेळा असे घडले म्हणजे बिंदूंवर खळगे पडतात आणि काजळी धरते. मग 'टिक्' आवाज होतो, पण वीज नीट पार होत नाही. क्वचित हे बिंदू वितळून एकमेकांना चिकटतातही. तसे झाल्यास एंजिन थांबले तरी पंप चालूच राहतो.

दुसरे कारण उष्णता. काही रिलेंच्या आत लहान मंडलफळी असते आणि पाय तिच्यावर डाखाने जोडलेले असतात. उन्हात डाख, तांबे आणि फळी निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. रात्री पुन्हा आकुंचन पावतात. वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत डाखाला केसासारखा तडा जातो. तापल्यावर तडा उघडतो आणि गाडी बंद. निवल्यावर मिटतो आणि गाडी चालू. १९८० आणि १९९० च्या दशकांतील होंडा कंपनीच्या अनेक मोटारींच्या मुख्य रिलेत हा दोष आढळे आणि जगभरचे कारागीर त्याला चांगले ओळखत. उन्हात काचा बंद करून ठेवलेल्या गाडीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. मग डॅशबोर्डखालील डब्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करता येईल.

तिसरे कारण पाणी. १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री हैदराबादेत जो पाऊस कोसळला, त्यात वस्त्याच्या वस्त्या जलमय झाल्या आणि असंख्य मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी ओसरते, गाडी धुतली जाते, पण फ्यूजपेटीतील पितळी चिमट्यांवर हिरवट गंज चढण्याची क्रिया महिनोन्‌महिने चालू राहते. अशा गाडीत रिले निर्दोष असूनही त्याची बैठक सदोष असू शकते.

आता निदान. येथे एक तत्त्व प्रथम सांगावयास हवे. भाग बदलून पाहणे म्हणजे निदान नव्हे. वैद्य नाडी न पाहता औषधांची पेटी रिकामी करू लागला, तर त्याला कोणी वैद्य म्हणणार नाही. पंप चालत नसेल तर त्याची कारणे चारच ठिकाणी असू शकतात. हुकूम देणारा संगणक, हुकूम पोहोचविणारा रिले, विजेची वाट म्हणजे फ्यूज आणि तारा, अथवा काम करणारा पंप स्वतः. या चौघांना क्रमाने प्रश्न विचारावयाचे आणि जो निर्दोष ठरेल त्याला बाजूला सारावयाचे. बाकी उरेल तो अपराधी.

आरंभ साध्या गोष्टींपासून करावा. टाकीत पेट्रोल आहे ना? काटा खोटे सांगू शकतो. स्टार्टर जोमाने फिरतो ना? तो मंद फिरत असेल किंवा नुसता कटकट आवाज करीत असेल, तर दोष बॅटरीकडे शोधावा. रिलेचा येथे संबंध नाही. डॅशबोर्डवर चोरी-प्रतिबंधाचा किल्लीच्या आकाराचा दिवा लुकलुकत आहे का? तसे असेल तर संगणकाने चावी ओळखलेली नाही आणि एंजिन सुरू करण्याची परवानगीच त्याने रोखून धरली असण्याचा संभव आहे.

यानंतर कान लावावा. गाडी शांत ठिकाणी उभी करून, काचा लावून, चावी पहिल्या टप्प्यावर फिरवावी. स्टार्टर फिरवू नये. मागील आसनाखालून दोन सेकंद 'घूंऽ' असा मंद आवाज येतो. तोच पंप. एकाने चावी फिरवावी आणि दुसऱ्याने मागे कान द्यावा, म्हणजे चूक होत नाही. आवाज नेहमीसारखा आला तर निदान त्या क्षणी तरी रिले आपले काम करीत आहे, असे समजावे. म्हणून ही परीक्षा गाडी बंद पडलेली असतानाच करावी. ती निवून सुरू झाल्यावर केलेल्या परीक्षेला काही अर्थ नाही.

आवाज नसेल तर फ्यूज पाहावा. फ्यूजपेटी बॉनेटखाली किंवा डॅशबोर्डखाली असते आणि तिच्या झाकणाच्या आतील बाजूस नकाशा असतो. त्यात इंधन-पंपाचा फ्यूज आणि रिले बहुधा 'एफ पी' या आद्याक्षरांनी किंवा पेट्रोलच्या टाकीच्या चित्राने दाखविलेला असतो. फ्यूज जळलेला आढळल्यास तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. तोही लागलीच जळाला तर तारांत किंवा पंपात दोष आहे. तेथेच थांबून गाडी कारागिराकडे न्यावी. अधिक अँपिअरचा फ्यूज घालणे किंवा फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळणे म्हणजे घरातल्या चोराला किल्ली देणे होय.

फ्यूज शाबूत असेल तर पाळी रिलेची. बोट रिलेवर टेकवून दुसऱ्यास चावी फिरवावयास सांगावी. बोटाला 'टिक्' जाणवली तर हुकूम आला आणि वेटोळे जागे झाले, एवढे सिद्ध होते. वीज पार गेली की नाही, हे मात्र सिद्ध होत नाही. शिपाई जागेवरून उठला एवढे दिसले. घंटेवर टोला पडला की नाही, हे अजून पाहावयाचे आहे. 'टिक्' मुळीच जाणवली नाही, तर वेटोळे तुटले असेल किंवा हुकूमच आला नसेल.

येथे एक उत्तम उलटतपासणी करता येते. अनेक गाड्यांत हॉर्नचा किंवा अन्य एखाद्या साधनाचा रिले अगदी त्याच क्रमांकाचा असतो. चावी बंद करून दोन्ही रिले काढावेत आणि त्यांच्या जागांची अदलाबदल करावी. अंगावरील क्रमांक अक्षरशः एकच आहे, याची खात्री आधी करून घ्यावी. अदलाबदलीनंतर पंप गुणगुणू लागला आणि हॉर्न मुका झाला, तर दोन साक्षीदारांनी एकच जबानी दिली. रिले दोषी ठरला. रस्त्यात अडकलेल्या कुटुंबाला अशा वेळी हॉर्नवाचून, सावकाश आणि सांभाळून, जवळच्या गावापर्यंत जाता येते. पंप गप्पच राहिला आणि हॉर्न मात्र वाजला, तर रिले निर्दोष आहे. तो बदलण्यात पैसे घालवू नयेत.

ज्याच्याजवळ मल्टिमीटर आहे, त्याला याहून पुढे जाता येते. हे साधन हैदराबादेत ट्रूप बझारच्या विद्युत्-साहित्याच्या पेठेत कोठेही मिळते. रिले काढून त्याच्या ८५ आणि ८६ या पायांमधील रोध मोजावा. तो साधारणतः पन्नास ते एकशेवीस ओहम असतो. अनंत रोध आला तर वेटोळे तुटले. मग बैठकीकडे पाहावे. ३० च्या खाचेत बॅटरीचे बारा व्होल्ट हजर हवेत. काही गाड्यांत ते चावी फिरविल्यावर येतात. ८५ आणि ८६ च्या खाचांमध्ये, चावी फिरविताच, सुमारे दोन सेकंद बारा व्होल्ट दिसावयास हवेत. हे दिसले तर हुकूम येतो आहे. न दिसले तर दोष संगणकाच्या बाजूचा आहे. त्याची वीज, त्याची अर्थ-तार, चोरी-प्रतिबंध किंवा सेन्सर यांपैकी काहीतरी बिघडले आहे. आणि ते शोधणे जाणकाराचे काम आहे.

एक सापळा येथे सांगितला पाहिजे. रिलेला बाहेर बॅटरीवर जोडून ३० आणि ८७ मधील रोध मीटरने पाहिला, तर काजळलेला रिलेही पुष्कळदा निर्दोष भासतो. कारण मीटर नखाएवढा प्रवाह पाठवितो आणि तेवढा काजळीतूनही पार होतो. पंपाचा पाच-सहा अँपिअरचा प्रवाह मात्र तेथे अडतो. रिकामी बैलगाडी मोडक्या पुलावरून गेली, म्हणून भरलेलीही जाईल असे नाही. यास्तव रिलेची परीक्षा भार घालून करावी. मोटारीच्या मागील दिव्याचा २१ वॅटचा बल्ब ३० आणि ८७ मधून जोडून तो लखलखीत पेटतो की मिणमिणतो, हे पाहिले तरी बरेच कळते.

शेवटी पंपाला विचारावयाचे. रिले काढून त्याच्या बैठकीतील ३० आणि ८७ या खाचा, मध्ये योग्य फ्यूज असलेल्या जोडतारेने, दोन-चार सेकंद जोडाव्यात. पंप गुणगुणला तर पंप आणि त्याची वाट दोन्ही ठीक आहेत. न गुणगुणल्यास दोष तारेत किंवा पंपात आहे. आणि पंप बदलण्याचा विचार करावयाचा तो आता, त्याआधी नव्हे. टाकी उघडणे हे पेट्रोलच्या वाफेतील काम आहे. ते घरी करू नये.

ही जोडतार परीक्षेपुरतीच आहे, हे ठासून सांगितले पाहिजे. गाडी तेवढ्याने चालू होते, आणि घाईत असलेला एखादा चालक किंवा दयाळू कारागीर ती तशीच ठेवून देतो. गाडी धावते, पैसे वाचतात, सर्वांना आनंद होतो. परंतु पहारेकऱ्याला घरी पाठवून दार सताड उघडे ठेवले, याची जाणीव कोणालाच नसते. त्या दिवसापासून पंपाला थांबविणारा कोणी उरत नाही. एंजिन बंद पडले तरी तो पेट्रोल लोटीत राहतो. काही गाड्यांत तर चावी काढली तरीही. अपघात झाला तर परिणाम काय होईल, ते वर सांगितलेच आहे. वाचलेले काही शे रुपये आणि गाडीत बसलेली माणसे यांचा तराजू कोणीही करून पाहावा.

दोष रिलेचाच ठरला तर तो बदलणे अवघड नाही. गाडी सपाट जागी, सावलीत उभी करून हातब्रेक लावावा. जवळपास विडी-सिगारेट नसावी. चावी काढून बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. रिलेला दोन्ही बाजूंनी धरून, किंचित हलवीत, सरळ वर ओढावे. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये. मग त्याचे पाय आणि बैठकीतील चिमटे उजेडात पाहावेत. पाय काळवंडले असतील, प्लास्टिक तपकिरी पडले असेल किंवा चिमटा सैल वाटत असेल, तर नुसता रिले बदलून भागणार नाही; सैल जोड तापतो आणि नव्या रिलेचाही बळी घेतो.

नवा रिले घेताना जुना बरोबर न्यावा. सिकंदराबादेतील राणीगंजसारख्या सुट्या भागांच्या पेठेत एकसारखे दिसणारे शेकडो काळे डबे असतात. पण वरून सारखे दिसणारे दोन रिले आतून सारखे असतातच असे नाही. एका प्रचलित प्रकारात ३० आणि ८६ या पायांच्या जागा दुसऱ्या प्रकाराच्या उलट असतात. डबा बैठकीत बिनतक्रार बसतो, पण जोडणी चुकते. काहींच्या आत डायोड असतो आणि त्यांना विजेची दिशा उलटलेली चालत नाही. ट्रकचे रिले चोवीस व्होल्टचे असतात. म्हणून क्रमांक, व्होल्ट, अँपिअर आणि पायांची आकृती या चारही गोष्टी जुळल्यावाचून खरेदी करू नये. जमेल तर गाडीच्या कंपनीचाच भाग घ्यावा.

नवा रिले सरळ दाबून पुरता बसवावा, बॅटरी जोडावी, चावी फिरवून पंपाचा दोन सेकंदांचा आवाज ऐकावा आणि मग गाडी सुरू करावी. काम येथे संपत नाही. ज्या परिस्थितीत गाडी बंद पडत होती, त्या परिस्थितीत तिची परीक्षा व्हावी. अर्धा तास चालवून, दुपारच्या उन्हात उभी करून, ती पुन्हा सुरू होते का हे पाहावे. नवा रिले थोड्याच दिवसांत तापू लागला किंवा गेला, तर त्याला दोष देऊ नये. जुना झालेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर अधिक प्रवाह ओढीत असण्याचा संभव असतो. मग खरा रोगी पंपच असतो आणि रिले त्याच्या रोगाने मेलेला असतो.

या विवेचनाची मर्यादाही सांगणे इष्ट आहे. अलीकडील काही मोटारींत साध्या रिलेच्या जागी पंपाची गती कमीजास्त करणारा विद्युत्-नियंत्रक असतो, आणि काहींत रिले मंडलफळीवरच कायमचा जोडलेला असतो. तेथे जोडतारेची परीक्षा करू गेल्यास मोठी हानी होईल. डिझेल गाड्यांची व्यवस्थाही निराळी असते. म्हणून गाडीची माहितीपुस्तिका आधी वाचावी, आणि गाडी हमीच्या मुदतीत असल्यास तिला हात न लावता कंपनीच्या केंद्रात न्यावी. धावत्या गाडीचे एंजिन एकाएकी बंद पडू लागले असेल, तर गाडी सुरू होते आहे म्हणून दिवस ढकलू नयेत. मेहदीपट्टणमहून आरामघरकडे जाणाऱ्या, २००९ मध्ये खुल्या झालेल्या सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या उड्डाणमार्गावर भर वेगात एंजिन थांबले, तर स्टिअरिंग जड होते, ब्रेकचे साहाय्य एक-दोन दाबांत संपते आणि मागून येणाऱ्या वाहनांस थांबावयास जागा नसते.

मोटार बाळगणाऱ्या प्रत्येकाने कारागीर व्हावे, असा याचा अर्थ नाही. पण आपल्या गाडीत हुकूम कोण देतो, तो कोण पोहोचवितो आणि काम कोण करतो, एवढे ज्याला ठाऊक आहे, तो कारागिराला योग्य प्रश्न विचारू शकतो. "पंप बदला," असे सांगण्यात आले तर त्याने शांतपणे विचारावे, "पंपाच्या तोंडाशी वीज येते आहे, हे पाहिले का?" चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही, तो मीटर हाती घेतो. आणि गाडी हाती परत घेताना आणखी एकच चौकशी करावी : रिले त्याच्या जागी आहे ना, की तेथे तारेचा तुकडा आहे?